रंगाचे वजन : रेम्ब्रांटच्या ‘बेलशस्सरची मेजवानी’ या चित्राचा प्रकरण अभ्यास

लंडनच्या नॅशनल गॅलरीत सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचे ‘बेलशस्सरची मेजवानी’ हे तैलचित्र आहे. कॅनव्हासची उंची सुमारे १६८ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे २०९ सेंटिमीटर आहे, त्यामुळे चित्रातली माणसे आकाराने जवळजवळ आपल्याएवढीच आहेत आणि मेजाच्या अलीकडच्या बाजूला आपणच उभे आहोत असे वाटते. चित्र साधारण १६३६ ते १६३८ या काळातले मानले जाते. त्या वेळी रेम्ब्रांटने तिशी नुकतीच गाठली होती, लायडन सोडून तो अ‍ॅमस्टरडॅमला स्थिरावला होता आणि व्यक्तिचित्रांच्या कामांवर त्याचे चांगले चालले होते. पुढे हे चित्र इंग्लंडला गेले, १७३६ पर्यंत ते डर्बीच्या अर्लच्या संग्रहात आलेले होते आणि १९६४ मध्ये नॅशनल गॅलरीने ते विकत घेतले.

या चित्राविषयी बोलणारे बहुतेक जण राजाच्या विस्फारलेल्या डोळ्यांपाशी थांबतात. ते डोळे विसरता येण्यासारखे नाहीत हे खरेच आहे, परंतु भेदरलेला चेहरा त्या काळातले इतर चित्रकारही समर्थपणे रंगवत होते. रेम्ब्रांटची खरी करामत मला वेगळ्या ठिकाणी दिसते. कॅनव्हासवर कुठे रंग किती जाड घालायचा आणि कुठे तो पातळ ठेवायचा या एका निर्णयातून त्याने बायबलमधली ही कथा सांगितली आहे. प्रस्तुत अभ्यासात त्या निर्णयाचाच माग काढायचा आहे.

प्रसंग

कथा जुन्या करारातील दानिएलाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात येते. बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा बेलशस्सर आपल्या एक हजार सरदारांना मेजवानी देतो आणि मद्याच्या भरात आधीचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली सोन्यारुप्याची पात्रे मागवतो. देवाच्या सेवेतली ती पवित्र पात्रे राजा, त्याचे सरदार, त्याच्या स्त्रिया आणि उपस्त्रिया पिण्यासाठी वापरतात आणि सोन्या-चांदीच्या, लाकडाच्या, दगडाच्या देवांची स्तुती गातात. त्याच घटकेला मनुष्याच्या हाताची बोटे प्रकट होतात आणि दिव्यासमोरच्या भिंतीच्या गिलाव्यावर काही लिहितात. राजाचा चेहरा उतरतो, त्याचे गुडघे एकमेकांवर आपटू लागतात. राज्यातल्या ज्ञानी लोकांपैकी कोणालाही तो लेख वाचता येत नाही. शेवटी दानिएलाला बोलावले जाते आणि तो सांगतो : मने, मने, तकेल, ऊफारसीन. देवाने तुझ्या राज्याचे दिवस मोजले आहेत आणि ते संपवले आहे, तुला तराजूत तोलले आणि तू उणा भरलास, तुझे राज्य विभागून मेदी व पारसी (पर्शियन) लोकांना दिले आहे. त्याच रात्री बेलशस्सर मारला जातो.

या शब्दांविषयी एक गोष्ट मराठी वाचकाला चटकन उमगण्यासारखी आहे. अरामी भाषेतले हे शब्द मुळात वजनांची, म्हणजेच वजनावरून ठरणाऱ्या नाण्यांची नावे आहेत, असे एकोणिसाव्या शतकापासून अनेक अभ्यासक मांडत आले आहेत. मने म्हणजे ‘मीना’ हे मोठे वजन, तकेल म्हणजे ‘शेकेल’ आणि फारसीन म्हणजे अर्धे भाग. आपल्याकडे कोणी भिंतीवर ‘मण, मण, शेर, अच्छेर’ असे लिहावे तसा हा मजकूर आहे. आपला ‘मण’ हा शब्दही त्याच प्राचीन ‘मीना’च्या कुळातला मानला जातो. दानिएल या वजनांच्या नावांमधून मोजणे, तोलणे आणि विभागणे ही क्रियापदे काढतो. वजन हा कथेचा कणा आहे, हे ध्यानात ठेवून चित्राकडे वळले म्हणजे रंगाच्या जाडीचा प्रश्न केवळ कारागिरीचा राहत नाही.

चित्रकाराने निवडलेला क्षण

रेम्ब्रांटने दानिएलाला चित्रात घेतलेलेच नाही. लेखाचा अर्थ अजून कोणालाही कळलेला नाही, पंडितांना बोलावणेही गेलेले नाही, लिहिणारा हात अजून भिंतीपाशीच आहे. मध्यभागी राजा अर्धवट वळून उभा राहिला आहे. आपल्या उजव्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात, ढगासारख्या धूसर आकारातून बाहेर आलेला हात शेवटचे अक्षर लिहितो आहे आणि राजाची मान त्या दिशेला वळलेली आहे. त्याचा एक हात मेजावरच्या धातूच्या पात्रावर टेकलेला आहे आणि दुसरा मागे, लेखाच्या बाजूला, स्वतःचा बचाव करावा तसा उचललेला आहे. उजवीकडे लाल पोशाखातली एक स्त्री दचकून बाजूला झुकली आहे आणि तिच्या हातातल्या पात्रातून मद्य सांडते आहे. डावीकडे मोत्यांनी नटलेली स्त्री आणि दाढीवाला पुरुष लेखाकडे पाहत आहेत. त्यांच्या मागे, अंधारात, बासरीसारखे वाद्य घेतलेला वादक आहे. मला हा वादक फार महत्त्वाचा वाटतो, कारण मेजवानीचे सूर अजून पुरते थांबलेले नाहीत हे त्याच्या असण्याने कळते आणि क्षण किती अरुंद आहे याची जाणीव होते.

१६३९ मध्ये कॉन्स्टंटेन हायगेन्स या डच राजपुत्राच्या चिटणिसाला लिहिलेल्या पत्रात रेम्ब्रांटने आपल्या दोन ख्रिस्तचित्रांविषयी म्हटले आहे की त्यांत त्याने सर्वांत मोठी आणि सर्वांत नैसर्गिक हालचाल साधण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचे हे ध्येय ‘बेलशस्सरची मेजवानी’ला जसेच्या तसे लागू पडते, कारण इथे प्रत्येक आकृती तोल जाण्याच्या बेतात आहे. मात्र आज दिसणाऱ्या कलत्या हालचालीतला थोडा भाग नंतरच्या काळातला आहे. कॅनव्हासच्या चारही कडा केव्हातरी कापल्या गेल्या आणि त्या सरळ न कापल्यामुळे संपूर्ण रचना किंचित फिरली. मद्याची धार ओळंब्यात येईल असे मनातल्या मनात चित्र फिरवून पाहिले, तर मेजही सपाट होते आणि राजाचे उभे राहणे अधिक भक्कम वाटू लागते. चित्राचा विचार करताना हा फरक मनात ठेवणे न्याय्य आहे, कारण कापणाऱ्याच्या कात्रीचे श्रेय रेम्ब्रांटला देता येणार नाही.

झगा

आता राजाच्या अंगावरच्या झग्याकडे यावे. चित्राचा मोठा भाग या झग्याने व्यापलेला आहे आणि माझ्या मते रेम्ब्रांटची त्या दशकातली सर्वांत धीट रंगलेपनाची कामगिरी इथे आहे. लांबून पाहिले तर सोन्याच्या जरीने मढवलेले, कशिद्याने आणि रत्नांनी भरलेले वस्त्र दिसते. पावलापावलाने जवळ गेले की जर नाहीशी होते, धागा नाहीसा होतो आणि उरतात ते रंगाचे लहानमोठे गोळे, कडा, वळ्या आणि पुंजके. एकही टाका त्याने टाक्यासारखा काढलेला नाही. खाली तपकिरी छटांचा पातळ थर आहे. कापडाची घडी, सावली आणि खोली हा थर सांभाळतो. त्याच्यावर शिशाच्या पांढऱ्या रंगाचे आणि शिसे-कथिलाच्या पिवळ्या रंगाचे घट्ट लेप असे चढवले आहेत की ते पृष्ठभागापासून उठून उभे राहिले आहेत.

या जाड लेपाला युरोपीय चित्रकलेत ‘इम्पास्टो’ म्हणतात. त्याचे कार्य कसे चालते हे नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळे मर्म त्यातच आहे. सपाट रंगाने चमक दाखवायची असेल तर चित्रकाराला चमकेचे चित्र काढावे लागते, म्हणजे एका गडद छटेशेजारी एक उजळ छटा ठेवावी लागते. लेप जाड असेल तर दालनातला खरा उजेड त्याच्या वरच्या कडेवर पडतो, खालच्या कडेला त्याची खरीखुरी सावली पडते आणि पाहणारा जागचा हलला की चमकणारे बिंदूही हलतात. राजाच्या झग्यावरची झळाळी अशा रीतीने अर्धी रंगवलेली आणि अर्धी प्रत्यक्ष आहे. छापील पुस्तकात किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हे चित्र पाहणाऱ्याला कथा कळते, चेहरे कळतात, पण झग्याचा हा गुण जवळजवळ सगळा हरवतो. ज्यांना मूळ चित्र पाहण्याची संधी मिळेल त्यांनी चित्रासमोरून डावीकडून उजवीकडे सावकाश चालत जावे आणि नजर फक्त झग्यावर ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

रेम्ब्रांटला ही गोष्ट पूर्ण ठाऊक होती. हायगेन्सला एक मोठे चित्र भेट पाठवताना त्याने १६३९ मध्येच कळवले होते की हे चित्र भरपूर उजेडात आणि लांब उभे राहून पाहता येईल अशा ठिकाणी टांगावे, म्हणजे ते उत्तम झळाळेल. चित्र पाहण्याचे अंतर आणि उजेड हा त्याच्यासाठी रंगकामाचाच एक भाग होता.

असा लेप टिकण्यामागे रसायन आहे. शिशाचा पांढरा रंग तेलाशी बांधला की कणखर, लवकर वाळणारा थर तयार होतो आणि कुंचल्याने दिलेला आकार तो धरून ठेवतो. शिसे-कथिलाचा पिवळा रंगही तसाच घट्ट बसतो. हा पिवळा अठराव्या शतकात वापरातून गेला आणि इतका विस्मरणात गेला की त्याची पुन्हा ओळख १९४१ मध्ये म्युनिकच्या एका प्रयोगशाळेतील संशोधनातून पटली. रेम्ब्रांटच्या जाड लेपाचे गुपित उलगडण्याचे काम अजूनही सुरू आहे. २०१९ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या तीन चित्रांमधल्या जाड लेपाच्या अतिसूक्ष्म नमुन्यांत ‘प्लम्बोनॅक्राइट’ नावाचे शिशाचे एक दुर्मीळ संयुग सापडले. त्या तिघांत १६३६ ची ‘सुझाना’ होती, म्हणजे आपल्या चित्राच्याच सुमाराची. असे संयुग तयार होण्यासाठी माध्यम अल्कधर्मी असावे लागते, त्यावरून संशोधकांनी अनुमान काढले की तेलात शिशाचे ऑक्साइड मिसळून रेम्ब्रांट मुद्दाम असा लेप बनवत असावा, जो ओघळणार नाही आणि दिलेल्या जागी उभा राहील. ‘बेलशस्सरची मेजवानी’ या चित्राचा त्या तपासणीत समावेश नव्हता, परंतु आपले रंग घट्ट व्हावेत म्हणून हा चित्रकार खलबत्त्यापासून विचार करत होता, हे त्यातून दिसते.

जाड आणि पातळ यांची वाटणी

जाड लेप सगळीकडे असता तर त्याचा अर्थ उरला नसता. रेम्ब्रांटने तो राजाच्या संपत्तीसाठी राखून ठेवला आहे : झगा, झगा बांधणारी रत्नजडित कडी, फेट्यावरचा लहानसा मुकुट, मेजावरची पात्रे. माणसांची कातडी त्यामानाने नितळ आहे. राजाच्या चेहऱ्यावर रंग हळुवारपणे मिसळलेले आहेत, डोळ्याखालची मांसल घडी आणि उघड्या ओठांची कड मऊ आहे. डावीकडच्या मंडळींचे चेहरे त्याहूनही पातळ आहेत आणि वादक तर तपकिरी सावलीतून जेमतेम वर येतो. पाहणाऱ्याचा हात नकळत झग्याकडे ओढला जावा आणि चेहऱ्यापाशी येऊन बिचकावा, अशी ही वाटणी आहे. धन हाताला लागेल इतके घन आहे आणि ते ज्याने पांघरले आहे तो माणूस हवेसारखा विरळ आहे.

आर्नोल्ड हाउब्राकेन याने १७१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डच चित्रकारांच्या चरित्रांत रेम्ब्रांटविषयी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. एक अशी की एखाद्याच्या डोक्यावरचा फेटा मनासारखा बांधून होईपर्यंत तो एकदोन दिवसही घालवत असे. दुसरी अशी की एकाच मोत्याचे तेज पुरेपूर दिसावे म्हणून त्याने चित्रातली सुंदर क्लिओपात्रा तपकिरी रंगाने झाकून टाकली. हाउब्राकेनने रेम्ब्रांटच्या मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी ऐकीव माहितीवर लिहिले, आणि त्याचा सूर कौतुकाचा कमी व तक्रारीचा अधिक आहे. तरीही बेलशस्सरच्या फेट्याच्या पांढऱ्याशुभ्र, पीळदार घड्या पाहिल्या की पहिली गोष्ट खरी वाटते. दुसऱ्या गोष्टीतले तत्त्व तर या चित्राने पाळलेलेच आहे. उजेड एका जागी खर्च करायचा असेल तर बाकीच्या जागा गरीब ठेवण्याची तयारी हवी. संपूर्ण डावा भाग रेम्ब्रांटने असा गरीब ठेवला आहे.

इथे एक उणेही नोंदवले पाहिजे. डावीकडच्या चेहऱ्यांवरचे आश्चर्य मला जरा नाटकी वाटते. दोन-तीन दशकांनंतर हाच चित्रकार मुद्रेवर काहीही न दाखवता माणसाचे अंतःकरण उघडे करू शकणार होता. तिशीतल्या रेम्ब्रांटला अजून उघड्या तोंडांचा आधार लागत होता. कापड रंगवताना त्याला असा कोणताच आधार लागत नव्हता, म्हणून झग्यापाशी तो आधीच प्रौढ आहे.

अक्षरांचा उजेड

बायबलमध्ये हात दिव्यासमोरच्या भिंतीवर लिहितो. रेम्ब्रांटने दिवा गाळला आहे. चित्रात उजेड द्यायला अक्षरेच आहेत, पिवळसर तेजाने भिंत जाळत निघाल्यासारखी, भोवती करड्या धुक्याचे वलय असलेली. या एका बदलाने लेख वाचण्याची वस्तू राहिला नाही, तो सर्वांना उघडे पाडणारी ज्योत झाला. काटेकोर पाहिले तर फक्त मागच्या भिंतीवरच्या या उजेडाने राजाच्या झग्याचा दर्शनी भाग एवढा उजळणे शक्य नाही. चित्रकाराने समोरून जादा उजेड आणला आहे. तो पकडला जात नाही याचे कारण राजाच्या चेहऱ्याची आणि उचललेल्या हाताची कड त्याने लेखाच्या दिशेने इतकी अचूक उजळली आहे की डोळा बाकीचा हिशेब मागत नाही.

आता लेखाची मांडणी. अरामी ही बाबेलच्या दरबारातली भाषा होती, मग तिथल्या पंडितांना चार साधे शब्द का वाचता आले नाहीत, हा प्रश्न ज्यू विद्वानांना शतकानुशतके पडत आला. ताल्मुद या ज्यू धर्मग्रंथात त्याची अनेक उत्तरे आहेत आणि त्यांतले एक असे आहे की अक्षरे आडव्या ओळींत वाचायची नव्हती, वरून खाली वाचायची होती. अ‍ॅमस्टरडॅममधले विद्वान रब्बी (ज्यू धर्मगुरू) आणि मुद्रक मेनासे बेन इस्राएल यांनी १६३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हीच मांडणी दिली आणि रेम्ब्रांटच्या भिंतीवर ती तशीच उतरली आहे. त्यांच्या ग्रंथाआधीच चित्र पूर्ण झालेले असल्याने ही माहिती प्रत्यक्ष संभाषणातून मिळाली असावी असे मानले जाते. ओळख पुढेही टिकली : १६५५ मध्ये मेनासे यांच्या एका पुस्तकासाठी रेम्ब्रांटने चार कोरीव चित्रे केली, आणि त्यांपैकी दोहोंचे विषय दानिएलाच्या पुस्तकातलेच होते.

मांडणी देवनागरीत करून पाहिली म्हणजे तिची खुबी कळते. हिब्रू लिपीतल्या या लेखात पंधरा अक्षरे आहेत आणि ती तीन-तीनच्या पाच उभ्या रांगांत बसतात : म-न-अ, म-न-अ, त-क-ल, व-फ-र, स-य-न. हिब्रूच्या रीतीने रांगा उजवीकडून डावीकडे जातात. आडवे वाचणाऱ्याला मात्र ‘ममतवस’, ‘ननकफय’, ‘अअलरन’ एवढेच हाती लागते. अक्षर न् अक्षर ओळखीचे असूनही शब्द लागत नाही, अशी पंडितांची अवस्था चित्रकाराने पाहणाऱ्याच्याही वाट्याला आणली आहे. हिब्रू लिपी जाणणारा प्रेक्षकसुद्धा आधी अडखळतो आणि मग उभा वाचू लागतो. बायबलच्या प्रसंगचित्रांत लेख बहुधा सजावटीसाठी असतो, अक्षरांची आठवण करून देणाऱ्या रेघोट्या असतात. इथे तो कथेचे कोडे स्वतःमध्ये बाळगतो, आणि एका भाषेच्या जाणकाराकडे जाऊन विचारण्याचा कष्ट चित्रकाराने घेतला होता, हे मला त्याच्या झग्याइतकेच आदरणीय वाटते.

शेवटच्या अक्षरात एक चूक आहे, असे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. तिथे अंत्य ‘नून’, म्हणजे शब्दाच्या शेवटी येणारा हिब्रू ‘न’, हवा. त्याचा दांडा ओळीच्या खाली लांब उतरतो. रेम्ब्रांटने काढलेला दांडा आखूड आहे, म्हणून ते अक्षर ‘झायिन’ हे दुसरेच हिब्रू अक्षर दिसते. परभाषेची लिपी उतरवताना चित्रकाराचा हात चुकला, हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे आणि तेच खरे असू शकेल. पण चित्रासमोर उभे राहिल्यावर दुसरी शक्यता मनातून जात नाही. ढगातून आलेल्या हाताचे बोट त्याच अक्षरापाशी आहे. दांडा अजून खाली उतरायचा आहे. राजाने वळून पाहिले आहे, मद्य पात्रातून निघाले आहे पण मेजावर पोहोचलेले नाही, आणि लेखही एका रेघेने अपुरा आहे.